विहिरीत शिकलेलं पोहणं

अव्वा, मी समुद्रात पोहून आले. परत आल्यापासून हे तुला सांगावंसं वाटतंय. इथे ज्यांना सांगितलं त्यांनी ते सहलीच्या बाकी गोष्टींत घालून टाकलं. विमान, हॉटेल, तिथलं जेवण, आणि त्यातच कुठेतरी समुद्र. शेजारच्या काकू म्हणाल्या, गोव्यासारखाच असेल की. मी हो म्हणाले, कारण गोव्याला मी कधी गेलेच नाही हे त्यांना सांगत बसायचा कंटाळा आला. तुला मात्र नीट सांगायचं आहे. आज नळाला पाणी यायचा दिवस नाही, त्यामुळे सकाळ मोकळी आहे. पिंपं, हंडे, सगळं कालच भरून ठेवलंय.

तू गेलीस तेव्हा तुझी नात भिंतीला धरून उभी राहायला शिकत होती. ती आता स्पेनच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात, आल्मेरिया नावाच्या शहरात, भाजीपाल्याच्या बियाण्यांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. तिनेच बोलावलं. तुझे जावई लग्नसराईत दुकान सोडून येईनात, तेव्हा मी एकटीच गेले, पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि त्यांनी लेकीसाठी दिलेली चादर घेऊन. पहिल्या संध्याकाळी ती खाली दूध आणायला गेली तेवढ्या वेळात मी तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या, पातेली, एक फुलदाणीसुद्धा पाण्याने भरून ठेवली. ती परत आली आणि ओट्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “आई, इथे पाणी रोज येतं. दिवसभर येतं.” मी म्हणाले, “आणि उद्या नाही आलं म्हणजे?” ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मलाही हसू आलं, पण बाटल्या मी ओतू दिल्या नाहीत. दोन दिवस आम्ही तेच पाणी प्यायलो.

तिथली जमीन बघून तू चकित झाली असतीस. विमानतळावरून बाहेर पडलो तर मला वाटलं, एवढं लांब येऊन आपण अक्कलकोटच्या रस्त्यालाच लागलो की काय. उघडे माळ, भाजलेल्या रंगाच्या टेकड्या, बांधाबांधाने फड्या निवडुंग, घायपाताची बेटं आणि त्यातून वर आलेले उंच तुरे. मधेच मैलोन् मैल प्लास्टिकची पांढरी हरितगृहं, लांबून तळ्यासारखी दिसणारी. लेक म्हणाली, इथे पाऊस आपल्यापेक्षा कमी. फरक एवढाच, की आपल्याकडे एक माळ संपला की दुसरा माळ लागतो, आणि तिथे समुद्र लागतो. कुठलीही तयारी न करता लागतो. गाडी एका चढावरून पलीकडे उतरली आणि समोर तो होता, निळा, आणि मी गप्पच झाले. लेकीला वाटलं मला गाडी लागली. तिने खिडकी उघडून दिली.

आम्ही भाड्याची गाडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणार होतो. आधी रानातल्या खाड्या, जिथे ना दुकान ना छत्री, आणि मग वर उत्तरेकडे, उंच हॉटेलांच्या गावात दोन रात्री. खाडी म्हणजे काय हे मला तिथे कळलं. डोंगराने दोन हात पुढे करून समुद्राचा एक घोट ओंजळीत धरावा, तशी जागा. प्रत्येक खाडी वेगळी. एकीत काळे गुळगुळीत गोटे, लाट मागे गेली की त्यांचा खडखडाट व्हायचा, तू जात्यात पहिली मूठ टाकलीस की व्हायचा तसा. एकीत कोळ्यांची दोन-तीन पडकी घरं आणि वाळूवर उलथून ठेवलेल्या होड्या. मी प्रत्येक ठिकाणी काठाशी जाऊन पाय भिजवायची, हाताने पाणी उचलून बघायची आणि परत यायची. लेक विचारायची, आत जायचंय का. मी नको म्हणायची. खरं म्हणजे मला जायचं होतं. ती गाडी चालवत असताना मी मांडीवरच्या ओढणीखाली हात हलवून बघत होते, अजून येतं का म्हणून. पण पंचेचाळिशी उलटलेली बाई, अंगाने सुटलेली, किती वर्षांत पाण्यात न उतरलेली. आणि पोहणं शिकलेलं ते तुझ्या माहेरच्या विहिरीत.

ती विहीर मला आत्ताही पायरीपायरीने आठवते. अक्कलकोटच्या पुढे, हद्दीला लागून असलेलं तुझं गाव, जिथे पोचलं की तू एसटीच्या पायरीवरच मराठी सोडून कन्नड बोलायला लागायचीस. सोलापुरात दोन खोल्यांत तू पाण्याचा थेंब थेंब मोजून वापरणारी. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, अंघोळीचं पाणी फरशीला. पिंपाचं झाकण उघडलंस की आधी हाताचा पंजा पाण्यात बुडवून क्षणभर तसाच ठेवायचीस, मग तांब्या भरायचीस. आणि हीच बाई माहेरी गेली की दुपारी शेतात कुणी नाही असं बघून काष्टा घट्ट खोचते आणि विहिरीत उतरते. मी पायरीवर बसलेली आहे. तू पाण्याच्या मधोमध उताणी पडली आहेस, एखादी बाई जेवणानंतर जमखान्यावर कलंडते तशी. चेहऱ्यावर ना सासर, ना मुलं, ना काही. मला तेव्हा जरा भीती वाटायची, की ही आता परत आपली आई होईल की नाही.

मला शिकवायचं तू ठरवलंस तेव्हा मामा हसला. बाकीच्या पोरांना पाठीला पत्र्याचा डबा बांधून वरून ढकलायचे, ती ओरडत गटांगळ्या खात शिकायची. तू डबा घेतला नाहीस. जुन्या लुगड्याचा लांब पट्टा फाडून माझ्या कमरेला बांधलास आणि दुसरं टोक हातात धरून माझ्याबरोबर पाण्यात राहिलीस. अप्पांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची चड्डी मला शिवून दिली होतीस, तिची नाडी इतकी घट्ट की दिवसभर पोटावर वळ राहायचा. थोडे हात-पाय हलायला लागल्यावर तू रोज विचारायचीस, “सोडू का?” मी रोज म्हणायचे, बेडा. नको. आणि तू रोज पट्टा धरून ठेवायचीस. मामा वरून म्हणाला, “पोरीला इचारून पवायला शिकवत्यात व्हय? वरनं टाक की, आपोआप हात मारतीय.” तू मान वर न करता म्हणालीस, “तुला वरनंच टाकलं हुतं. तू आजून पायरी सोडून फुडं जात न्हाईस.” मामी काठावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. मामा दिवसभर तुझ्याशी बोलला नाही.

पुढे मी मोठी झाले, शिकले, नोकरीला लागले, पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही शिकवलं. विचारून सोडणारं माणूस मला तुझ्याशिवाय भेटलं नाही. मी स्वतःही तसं वागले का, हे तपासून पाहिलं तर उत्तर फारसं बरं येत नाही. पण ते राहू दे. ज्या दिवशी मी ‘हं’ म्हणाले त्या दिवशी तू पट्टा सोडलास आणि मी समोरच्या भिंतीपर्यंत गेले, दगडाची कपार धरली, आणि मागे वळून बघितलं तर तू हात वर करून मला नुसते तळवे दाखवत होतीस. मोकळे आहेत म्हणून. दुसऱ्या दिवसापासून दमल्यावर काय करायचं ते शिकवलंस. “दमलीस की उताणी हो. मान टाक. पाण्याला धराय जाऊ नगं, त्येच तुला धरतंय.” आणि एकदा मी कुणाला न सांगता वरच्या कठड्यावरून उडी मारली, तेव्हा मारलं नाहीस, पण दिवेलागणीपर्यंत ओल्या कपड्यांत पायरीवर बसवून ठेवलंस. पाण्यात जाताना माणसाला सांगून जायचं, एवढंच म्हणालीस. मामीने भाकरी आणून दिली तर ती पण परत पाठवलीस.

मग मामाने बोअर घेतली, विहिरीला तळ दिसायला लागला, आणि पोहणं संपलं. तुझंही आणि माझंही. लेकीला मी शिकवलं नाही. का नाही, हे मी वहीत कितीदा लिहायला घेतलं, आणि दर वेळी कारण वेगळं लिहिलं.

तिसऱ्या दिवशीच्या खाडीला गाडी जात नव्हती. निवडुंगातून पाऊलवाटेने अर्धा डोंगर उतरलो. खाली वाळूचा एवढासा तुकडा, आणि त्यावर एक म्हातारं जोडपं, अंगावर काहीही न घालता, पुस्तकं वाचत पडलेलं. मी उभ्या जागी पाठ फिरवली. लेक हळूच म्हणाली, “आई, इथे चालतं.” मी म्हणाले, “त्यांना चालतं गं, मला कुठं बघू ते कळंना.” पण थोडा वेळ गेला, आणि एक विचित्र गोष्ट झाली. त्या बाईचं पोट माझ्यासारखंच होतं, मांड्या माझ्यापेक्षा सुटलेल्या, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. पान संपलं की उलटत होती, इतकंच. त्या ठिकाणी सलवार-कुर्ता घातलेली मीच उगाच सगळ्यांच्या डोळ्यांत येत होते. मी ओढणी काढून ठेवली, सलवारीखाली घातलेल्या लेगिंग्जवर आणि लेकीच्या टी-शर्टवर आले, आणि लेकीला म्हणाले, मी जाऊन येते. मला पोहता येतं हे तिने ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

पाणी गार होतं आणि स्वच्छ, पाय दिसत होते. गळ्यापर्यंत गेले आणि पाय उचलले. आलं, अव्वा. तसंच आलं, मान वर ठेवून, हात पुढून बाजूला, आपलं गावठी पोहणं. खारट पाणी जरा जास्तच उचलून धरत होतं. मी मनातल्या मनात हसत होते. समोर काहीच नव्हतं, म्हणून सरळ जात राहिले. आणि इथेच मी ती चूक केली, जी विहिरीत शिकलेलंच माणूस करील. विहिरीत परतीचा विचार करावा लागत नाही. चार हात मारले की भिंत येते, ती आपल्याला वळवते, दम लागला तर तिला धरायचं. माझ्या अंगात तोच हिशेब होता. दम लागेपर्यंत गेले, आणि दम लागल्यावर उजवा हात लांब केला, कपार धरायला. अगदी खरंच केला. हातात पाणी आलं.

मागे वळले तर वाळूचा तुकडा रुमालाएवढा. लेक उभी होती, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. मी परत फिरले, जोर लावला, बराच वेळ हात मारले आणि पुन्हा बघितलं. रुमाल तेवढाच होता. वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत होता, पाठीवर असताना तो मला कळलाच नव्हता, आता तो तोंडावर होता. एक घोट नाकात गेला. घसा जळला. मग मी जे करू नये ते सगळं केलं, हात आपटले, मान ताणली, ओरडायला गेले आणि आणखी पाणी प्यायले. एकच गोष्ट स्पष्ट कळत होती, की ती पोरगी आता पाण्यात शिरणार, आणि तिला पोहता येत नाही. माझ्यासाठी शिरणार. ती गुडघ्याएवढ्या पाण्यात आलेली मला दिसली.

मग मी उताणी झाले. मान टाकली. कान पाण्याखाली गेले आणि सगळं गप्प झालं, फक्त माझा श्वास मला आतून मोठा ऐकू यायला लागला. किती वेळ ते सांगता येणार नाही. श्वास जागेवर आला तेव्हा मी हळूहळू नुसते पाय मारायला सुरुवात केली, वाळूकडे नाही, वाळूकडे वारा जाऊच देत नव्हता, तर आडवी, डोंगराचा जो हात समुद्रात गेला होता त्याच्याकडे. दमले की पुन्हा पडून राहायचे. शेवटी डोकं खडकाला लागलं. इतका छान मार मला आयुष्यात बसलेला नाही. तळहात आणि गुडघे सोलून घेत मी वर चढले, आणि तो म्हातारा, तसाच, खडकांवरून तोल सांभाळत हात पुढे करून येत होता. मी त्याचा हात धरला. कुठं बघावं हा प्रश्न त्या वेळी पडला नाही.

वाळूवर त्याच्या बायकोने तुझ्या नातीला दंडाला धरून ठेवलं होतं. घट्ट, लाल वळ उठला होता. ती पाण्यात शिरत होती तेव्हा या बाईने तिला मागे ओढलं होतं. मला बघून बाई उठली आणि मला मिठी मारली, अंगावर काही नसलेल्या त्या बाईने, आणि मग जोरात रागावायला लागली. लेकीला तिथली भाषा येते. मी विचारलं, काय म्हणतात. ती म्हणाली, “म्हणतायत, आज वारा बाहेर ओढून नेणारा आहे, तुझ्या आईला अक्कल आहे का.” मी त्या बाईला हात जोडले. मग जावयांनी दिलेली चादर, जी लेकीने हौसेने वाळूवर अंथरायला आणली होती, ती अंगाभोवती गुंडाळून मी बसले आणि थरथरत राहिले.

घाट चढून वर आल्यावर तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, “तू मजेत पडली होतीस तिथे. मी हाका मारत होते. मला वाटलं तू गेलीस.” मी सांगितलं की मी पडले नव्हते, दम घेत होते. आणि मग तिला तुझं सांगितलं. विहीर, पट्टा, ‘सोडू का’, आणि दमलीस की उताणी हो. सांगितलं की तिथे, पाण्यात, मला तुझा आवाज ऐकू आला आणि मी मान टाकली. ती ढसाढसा रडली. तिने तुला फक्त फोटोत बघितलंय. त्या संध्याकाळी तिने सोलापूरला फोन लावला आणि बाबांना सांगितलं, आज्जीने आईला वाचवलं.

उंच हॉटेलांच्या गावात आम्ही दोन रात्री राहिलो. तिथला समुद्र वेगळाच, सरळ, विंचरलेला, काठाने गवताच्या छत्र्यांच्या ओळी आणि त्याखाली वाळवणासारखी पसरलेली माणसं. पिवळ्या चड्डीतला एक रखवालदार उंच खुर्चीवर बसलेला. खानावळीत इतकं अन्न मांडलेलं की मी पहिल्या दिवशी नुसती फिरून आले आणि ताटात एक केळं घेऊन बसले. हॉटेलच्या तलावात टी-शर्ट चालत नाही म्हणाले, तेव्हा लेकीने गुडघ्यापर्यंतचा काळा पोहण्याचा पोशाख आणला आणि मी तो घातला. तुला सांगते, आरशात बघून मी लाजले नाही, याचंच मला नवल वाटलं. दोन दिवस सकाळी मी तिच्या पाठीखाली हात धरून उभी राहिले. ती हसायची, पाणी प्यायची, माझा दंड सोडायची नाही. मी विचारायची, आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत नकोच म्हणाली. मी परत आले तेव्हा ती शिकलेली नव्हती. आता तिथे एका शिक्षकाकडे जाते, दर शनिवारी. मागच्या फोनवर म्हणाली, आई, काल मी पडून राहिले, आज्जीसारखी.

सगळ्यांना ती हीच गोष्ट सांगते. जावई दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात. ती खोटी नाही, अव्वा. तू शिकवलं नसतंस तर मी आज हे लिहायला नसते, आणि कदाचित तीही नसती. त्याबद्दल तुझ्यापुढे डोकं ठेवण्यापलीकडे मला काही सुचत नाही. तू कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलीस, मराठी तुला अक्षर अक्षर जुळवत वाचावं लागायचं, आणि मला कन्नड लिहिता येत नाही. म्हणजे तू असतीस तरी हे पत्र तुझ्या हातात दिलं नसतं. तू कांदा चिरत म्हणाली असतीस, वाच की, ऐकते. मी वाचलं असतं, आणि एक ओळ गाळून पुढे गेले असते. ती अशी आहे, की पाण्यात मला तुझा आवाज ऐकू आला नाही. तुझी आठवणसुद्धा आली नाही. तू मला गाडीत आठवलीस, लेक रडवेली झाली तेव्हा, तिला काय सांगावं ते सुचेना म्हणून. तिथे समुद्रावर मी नुसती पडले होते, वर आभाळ होतं, पाठीला पाणी लागत होतं, आणि मनात कुणीही नव्हतं.